गळती

कोक्कोलाला एप्रिल लागला तरी
गॅरेजच्या दाराशी बर्फाचा ढीग काळा पडून असतो.
आउलिक्कीने ताडपत्री ओढली.
लाल, दोन सीटांची, दिव्यांच्या पापण्या मिटलेली गाडी.
किल्ली फिरवली : टक्.
पुन्हा फिरवली, तर टक्‌ही नाही.

सोमवारी बॅटरी चार्ज केली, शुक्रवारी मढं.
पुढच्या सोमवारी पुन्हा तेच, शुक्रवारीही तेच.
वर्कशॉपवाला साकारी म्हणाला, पस्तीस वर्षांची गाडी,
वायरिंग सगळंच बदलावं लागेल, बाई,
आणि कागदावर असा आकडा लिहिला
की तिने त्या कागदाची घडी करून
स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या
डुगडुगत्या पायाखाली सारली.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढलेली बाई ही.
रात्रपाळीला सगळं गाव झोपलेलं
आणि बोर्डावर एकच दिवा लागून राहिलेला :
कुणीतरी रिसीव्हर नीट ठेवलेला नसायचा.
बिघाड कसला, धांदरटपणा.
किंवा कुणाला तरी ठेववत नसायचा.

तिने बॅटरीची काळी तार सोडवली,
आपण जिला अर्थिंग म्हणतो ती,
आणि मधल्या फटीत मीटर जोडला.
दार उघडंच, पण त्याच्या कडीला
स्क्रूड्रायव्हर घालून पटवलेलं, की तू बंद आहेस.
किल्ली एप्रनच्या खिशात.
मीटर म्हणाला, शून्य पूर्णांक बेचाळीस.
बंद गाडी इतकं पीत नाही.
आत कुणीतरी जागं होतं.

शेजारचा ओन्नी आकडे वाचायला,
ती भुवयांच्या चिमट्याने एकेक फ्यूज उपटायला.
हॉर्न. "बेचाळीस."
वायपर. "बेचाळीस."
"एक्केचाळीस! सापडलं!"
"ते घड्याळ. खाऊ दे त्याला थोडं."
हीटर, रेडिओ, बेचाळीस, बेचाळीस,
मग कोपऱ्यातला लाल, दहाचा,
आणि ओन्नी असा ओरडला की छपरावरचा कावळा उडाला :
"शून्य-शून्य-दोन!"

लाल फ्यूजवर काय काय आहे
ते झाकणावर जपानीत लिहिलेलं, तेही पुसट.
"मी डिकीत शिरून बघू? दिवा जळतोय का?"
"तुझा एक पाय मावेल, लंबू."
मग फोनच रेकॉर्डिंगला लावून डिकीत कोंडला.
पाच मिनिटांचा अंधार
दोघांनी अगदी मन लावून पाहिला.

तेवढ्यात तिचा हात सहज डॅशबोर्डवर टेकला.
गॅरेजात सगळं गार, पत्रा, पाना, नाकाचा शेंडा,
आणि डाव्या बाजूच्या कप्प्याचं,
नाही, उजव्या बाजूच्या, कप्प्याचं झाकण
कोमट.
नुकतंच कुणी उठून गेलेल्या उशीसारखं.

ज्या कप्प्याला हातमोज्यांचं नाव आहे
आणि ज्यात कुणीच कधी हातमोजे ठेवत नाही
त्यात हातमोजा होता.
डावा. चामडी. ताउनोचा.
करंगळी बिजागरीत चिमटलेली,
त्यामुळे झाकण गव्हाएवढं अडलेलं,
त्यामुळे आतलं बटण दाबलं न गेलेलं,
त्यामुळे वाटाण्याएवढा बल्ब
ऑक्टोबरात भावाने गाडी झाकली तेव्हापासून
बॅटरी संपेपर्यंत,
आणि ती भरली की पुन्हा संपेपर्यंत,
नकाशावर आणि पेपरमिंटच्या पुडीवर
उजेड पाडत बसलेला.
उजवा मोजा कोटाच्या खिशात गेला असणार,
कोट गेला तसा.

झाकण लावलं. टक्. शून्य-शून्य-दोन.
"एवढंच?" ओन्नी जरा हिरमुसला.
"एवढंच. साकारीला बोलू नकोस,
कागद परत मागेल, खुर्ची पुन्हा डुगडुगेल."

गाडी सुरू झाली, खोकली, स्थिरावली.
दिव्यांचा खटका दाबला :
उजवी पापणी उघडली,
डावी अर्ध्यावर येऊन थांबली, घरघरली.
बॉनेटखाली त्या मोटरीला
हाताने फिरवायचं एक चाक असतं, ग्रीसने माखलेलं.
आउलिक्कीने इकडेतिकडे चिंधी शोधली,
मग तो मोजाच हातात चढवला, दोन बोटं मोठा,
आणि वाकून फिरवत राहिली.